शखेमचे तीन दिवस: चूक रहबामची की योजना देवाची?

नगरी_पायवाट

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. आमच्या ख्रिस्ती मंडळीत बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो, पंधरा-वीस माणसं, चटया टाकून बसतो, गेले काही महिने बायबलमधलं १ राजे हे पुस्तक चाललंय आणि बाराव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनापाशी गाडी अशी अडकलीये की दोन बुधवार गेले तरी पुढे सरकेना.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इस्राएलचा शलमोन राजा वारला, इ.स.पू. ९३० च्या आसपास. त्याचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला, म्हणजे आजचं नाब्लुस. यरुशलेममध्ये बसून राहिला नाही, उत्तरेकडच्या वंशांची संमती घ्यायला राजालाच त्यांच्याकडे जावं लागलं. लोकांची मागणी एकच, तुझ्या बापाने आमच्या मानेवर जड जू ठेवलं ते जरा हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. आणि मागणी खरीच होती हो, शलमोनाने लबानोनात लाकडासाठी ३०,००० माणसं वेठीला धरली होती, १०,००० ची एकेक पाळी, एक महिना डोंगरात आणि दोन महिने घरी. घरातला कर्ता माणूस वर्षातले चार महिने नाही म्हटल्यावर शेताचं काय होतं हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रहबाम म्हणाला तीन दिवसांनी या. मग त्याने बापाच्या वेळच्या वडीलधाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले आज तू या लोकांचा सेवक हो, गोड बोल, ते जन्मभर तुझे सेवक होतील. मग बरोबर वाढलेल्या दोस्तांना विचारलं, ते म्हणाले सांग त्यांना, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे, बापाने तुम्हाला आसुडाने मारलं, मी विंचवांनी मारीन. तिसऱ्या दिवशी राजाने दोस्तांचं ऐकलं आणि एका दिवसात राज्य फाटलं. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा यराबामकडे, शलमोनाच्याच एका जुन्या अधिकाऱ्याकडे, गेले.

आणि मग ते वचन येतं. राजाने लोकांचं ऐकलं नाही, कारण ही गोष्ट परमेश्वराकडूनच घडून आली, अहीया संदेष्ट्याच्या तोंडून यराबामला जे सांगितलं होतं (दहा वंश तुला देईन) ते पुरं व्हावं म्हणून.

म्हणजे नक्की काय? देवानेच घडवलं असेल तर रहबामला दोष कसला द्यायचा?

हा प्रश्न मला नुसता पुस्तकी वाटत नाही त्याला कारण आहे. आमच्या भागातल्या एका संस्थेने काही वर्षांपूर्वी मुलींचं वसतिगृह बंद केलं. चाळीसेक मुली होत्या, बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या. आम्ही काही जणी भेटायला गेलो तर पदाधिकारी शांतपणे म्हणाले, "बहिणींनो, ही प्रभूची योजना आहे." माझ्या तोंडून शब्द फुटेना, कारण मी स्वतः आयुष्यभर हेच वाक्य दुसऱ्यांना धीर द्यायला वापरत आले आहे. तेव्हापासून हे वचन माझ्या घशात अडकलंय. कुणाला काही सुचत असेल तर मनापासून ऐकायचंय.

कोपऱ्यातला_दिवा

ताई, मी ख्रिस्ती नाही, बायबल फारसं वाचलेलं नाही, पण गोष्ट वाचून पहिलं तेच आठवलं, विनाशकाले विपरीत बुद्धी. आमच्याकडे घरात रोज एक अध्याय गीता वाचली जाते, अकराव्यात भगवंत अर्जुनाला म्हणतात हे सगळे मी आधीच मारलेले आहेत, तू निमित्तमात्र हो. मला दोन्हीत साम्य वाटलं पण एक फरक पण वाटला, अर्जुनाला सांगितलंय की तू निमित्त आहेस, विश्वरूप दाखवलंय. रहबामला कुणी काहीच सांगितलेलं नाही ना? त्याच्या दृष्टीने तो फक्त एका बैठकीत एक निर्णय घेतोय.

नगरी_पायवाट

दिवा, अगदी अगदी. त्याला काहीच माहीत नाही. स्वप्न नाही, देवदूत नाही, आकाशवाणी नाही. बारावा अध्याय तुम्ही सलग वाचलात तर पंधराव्या वचनापर्यंत देवाचं नावसुद्धा येत नाही, सगळं राजकारणच आहे, कोण काय बोललं आणि कुणी कुणाचं ऐकलं.

आणि लिहिणाऱ्याने बारीकसारीक गोष्टी किती जपून टिपल्यात बघा. वडीलधाऱ्यांना विचारताना रहबाम म्हणतो, या लोकांना काय उत्तर द्यावं? दोस्तांना विचारताना म्हणतो, *आपण* काय उत्तर द्यायचं? तो "आपण" आला तिथेच निकाल लागलेला आहे. आठव्या वचनात तर क्रम असा आहे की आधी त्याने म्हाताऱ्यांचा सल्ला टाकला आणि मग दोस्तांना विचारलं, म्हणजे सल्ला घ्यायचा नव्हताच, आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि हे दोस्त, ज्यांना मूळ भाषेत "पोरं" म्हटलंय, ते त्याच्याबरोबर वाढलेले. रहबाम तेव्हा ४१ वर्षांचा होता असं चौदाव्या अध्यायात दिलंय. म्हणजे पोरंही चाळिशीचीच.

अजून एक. तिसऱ्या दिवशी लोकांसमोर बोलताना तो जू आणि विंचू म्हणतो, पण करंगळीचं वाक्य गाळतो. दोस्तांनी दिलेलं सगळ्यात उद्दाम वाक्य त्याने वापरलं नाही. म्हणजे बोलताना तो निवड करत होता, हे गाळू हे ठेवू असं ठरवत होता, कळसूत्री बाहुली असं करत नाही. आणि लगेच पुढच्या वचनात लेखक म्हणतो हे परमेश्वराकडून होतं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून तो मोकळा होतो.

रेवदंड्याची_नात

शालोम सगळ्यांना. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी, आजोळ रेवदंड्याचं, आता इस्राएलात अश्दोदला असते. मराठी लिहायची सवय कमी झालीये, चुकलं तर सांभाळून घ्या.

त्या वचनात हिब्रू शब्द आहे "सिब्बा". आज इथे बाजारात, ऑफिसात, शाळेत सिब्बा म्हणजे साधं "कारण". मुलगा शाळेत गेला नाही तर बाई विचारतात सिब्बा काय. पण मूळ धातूचा अर्थ आहे फिरणं, वळणं, वेढा घालून येणं. म्हणून मला ते वचन "घटनेला परमेश्वराकडून वळण लागलं" असं ऐकू येतं. पाणी आपल्याच उताराने वाहतं, पाट कुणीतरी दुसऱ्याने काढलेला असतो, तसं काहीतरी. रहबामचा उद्दामपणा रहबामचाच आहे, तो देवाने त्याच्यात घातला असं वाक्यात कुठेच म्हटलेलं नाही.

नगरी ताई, वसतिगृहाचं वाचून फार वाईट वाटलं.

ओढ्याकाठी

मला हे सगळं जरा जास्त सोयीस्कर वाटतंय, माफ करा, स्पष्ट बोलतो. रहबामपुरतं पाट आणि उतार ठीक आहे, पण मग मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाचं, फारोचं काय? निर्गमात सरळ लिहिलंय की परमेश्वराने फारोचं मन कठीण केलं. मोशे मिसरला पोचायच्या आधीच, चौथ्या अध्यायात, देव सांगून ठेवतो की मी त्याचं मन कठीण करीन. म्हणजे आधी मन कठीण करायचं, मग ऐकत नाही, गुलाम इस्राएलांना सोडत नाही म्हणून पीडा पाठवायच्या, आणि शेवटी मिसरच्या घरोघरचा पहिला मुलगा मरतो, जात्यावर बसलेल्या दासीचासुद्धा. त्या दासीने कुठला निर्णय घेतला होता? मी लहानपणापासून हा अध्याय उपासनेत ऐकलाय आणि दर वेळी त्या जात्यापाशी थांबतो.

रेवदंड्याची_नात

ओढ्याकाठी दादा, ती दासी मलाही सुटत नाही. आमच्याकडे वल्हांडणाच्या सेदेरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला, दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला द्राक्षरसाचा एकेक थेंब प्याल्यातून बाहेर काढतात, बऱ्याच घरांत याचं कारण असं सांगतात की दुसऱ्याच्या दुःखाने आपला प्याला तेवढा कमी भरलेला असावा. उत्तर नाही हे, मला माहितीये.

फारोबद्दल आमच्या परंपरेत खूप भांडलेत लोक. एक गोष्ट मोजून बघा, पहिल्या पाच पीडांत फारोचं मन कठीण झालं किंवा त्याने कठीण केलं असंच येतं. परमेश्वराने कठीण केलं हे सहाव्या पीडेत, गळवांच्या वेळी, पहिल्यांदा येतं. १२ व्या शतकातल्या मायमोनिडीसचं म्हणणं असं की माणूस स्वतःहून इतका वेळ एकाच दिशेने जातो की शेवटी मागे फिरायची वाटच काढून घेतली जाते, आणि ती वाट जाणं हीच शिक्षा. पण तुम्ही चौथ्या अध्यायाचं म्हणता तेही खरं आहे आणि सातव्या पीडेनंतर पुन्हा "फारोने आपलं मन कठीण केलं" असं येतं, म्हणजे हिशेब तितका सरळ नाहीच.

एक शब्द फक्त. कठीण करणं यासाठी तिथे जे तीन धातू येतात त्यातला एक आहे "कावेद", म्हणजे जड. आणि मिसरच्या लोकांची श्रद्धा अशी की मेल्यावर माणसाचं हृदय तराजूत एका पिसासमोर तोलतात. तिथल्या राजाचं हृदय जड झालं असं म्हणणं हे मिसरच्या माणसाच्या कानाला काय वाटलं असेल याचा विचार मी बरेचदा करते.

शिलालेख_वाचक

चर्चा छान चाललीये. मी इतिहासाच्या बाजूने थोडं घालतो. राजांच्या पुस्तकाचं आत्ताचं रूप बऱ्याच अभ्यासकांच्या मते बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासाच्या काळातलं आहे, म्हणजे इ.स.पू. ५८६ ला यरुशलेम पडल्यानंतर. उत्तरेचं राज्य तर ७२२ लाच अश्शूरने (असिरियाने) संपवलेलं. म्हणजे लिहिणाऱ्यासमोर दोन्ही राज्यांची राख आहे आणि तो मागे वळून विचारतोय की हे कुठे सुरू झालं. शखेमच्या त्या बैठकीत. त्यामुळे "परमेश्वराकडून होतं" हे वाक्य हरलेल्या माणसाचं आहे हे विसरू नये.

आणि घडामोडीत देवाचा हात बघणं ही फक्त इस्राएलची रीत नव्हती. इस्राएलच्या शेजारच्या मवाबचा राजा मेशा, इ.स.पू. नववं शतक, त्याचा शिलालेख १८६८ मध्ये धिबानला सापडला, तो आता पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. त्यात मेशा म्हणतो इस्राएलने मवाबला छळलं कारण आमचा देव कमोश आपल्या भूमीवर रागावला होता. नावं बदला, १ राजेचंच वाक्य आहे.

पारसचा (इराणचा) राजा कोरेश, म्हणजे सायरस, तर अजून जवळचा. त्याचा तो मातीचा सिलिंडर २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत आला होता, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, तेव्हा मी मुद्दाम दोनदा गेलो. इतकं नाव ऐकलेलं की डोळ्यांसमोर काहीतरी भव्य होतं, आणि काचेत बघतो तर जेमतेम एक वीत लांब, मध्ये फुगीर, टोकांना निमुळता, पखवाजासारखा, बाजूचा तुकडा उडालेला, आणि अंगभर मुंगीच्या पावलांसारखी कीलाक्षरं. शेजारी एक पारशी आजी काचेला हात लावून उभ्या होत्या, बराच वेळ हलल्या नाहीत. त्या अक्षरांत लिहिलंय की बाबेलचा देव मर्दुकने सगळे देश धुंडाळले, एक न्यायी राजा शोधला आणि कोरेशचा हात धरला. आणि यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याच कोरेशला आपला अभिषिक्त म्हणतो, त्याचा उजवा हात धरलाय म्हणतो, आणि वर सांगतो की तू मला ओळखत नाहीस तरी मी तुला नावाने हाक मारली. एकच माणूस, इ.स.पू. ५३९ मध्ये एकच शहर घेतलं, आणि दोन देवांनी हात धरलेला.

कोपऱ्यातला_दिवा

"तू मला ओळखत नाहीस तरी", हे वाक्य वाचून थांबलो. परक्या राजाला आपल्या देवाने निवडलं म्हणायला काय धाडस लागत असेल.

नगरी_पायवाट

दोन दिवस तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट पुन्हा पुन्हा वाचतेय. मला एक धागा हाती लागल्यासारखा वाटतोय, मांडून बघते, चुकत असेल तर सांगा.

हे वाक्य *कोण* म्हणतं ते बघायचं. रहबाम स्वतः कुठेही म्हणत नाही की मी केलं ते देवाकडून होतं. उलट त्याने वेठबिगारांवरच्या मुकादमालाच, अदोरामला, लोकांकडे पाठवलं, लोकांनी त्याला दगडांनी ठार मारलं आणि राजा रथात चढून यरुशलेमला पळाला. मग १,८०,००० माणसं गोळा करून लढाईला निघाला, तेव्हा शमाया नावाचा देवाचा माणूस येऊन म्हणाला भावांशी लढू नका, ही गोष्ट माझ्याकडून झाली आहे असं परमेश्वर म्हणतो. म्हणजे पहिल्यांदा जेव्हा हे वाक्य राजाच्या कानावर पडतं तेव्हा ते त्याची तलवार म्यान करायला सांगतं, त्याची पाठ थोपटत नाही. आणि रहबामच्या बाजूने एवढं बोलायलाच हवं की तो थांबला. ते ऐकून घरी गेला.

आता योसेफ. भावांनी त्याला वीस रुप्यांना विकला. शेवटी, उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात, कोण म्हणतं की तुम्ही वाईट योजलं पण देवाने चांगलं योजलं? योसेफ म्हणतो. ज्याला खड्ड्यात टाकलं तो म्हणतो. भाऊ म्हणत नाहीत, भाऊ फक्त क्षमा मागतात. तेच शलमोनाच्या बापाचं, दावीद राजाचं, त्याचा मुलगा अबशालोमच्या बंडात शिमी नावाचा माणूस दगड मारत शिव्या देत चाललाय आणि दावीद म्हणतो देऊ दे, परमेश्वराने त्याला सांगितलं असेल. दगड खाणारा म्हणतोय. आणि शिरगणतीची गोष्ट तर बघाच, २ शमुवेल २४ म्हणतं परमेश्वराने दावीदाला चिथवलं, १ इतिहास २१ त्याच प्रसंगाबद्दल म्हणतं सैतानाने चिथवलं, पण दोन्हीकडे दावीद स्वतः एकच बोलतो, मी पाप केलं. देवाने चिथवलं असं लिहिलेल्या पुस्तकातसुद्धा!

यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूरला परमेश्वर आपल्या रागाची काठी म्हणतो, पण अश्शूरच्या मनात ते नाही, त्याला फक्त राष्ट्रं चिरडायची आहेत, आणि म्हणून काम झाल्यावर त्याचाही हिशेब होणार. कुऱ्हाडीने लाकूडतोड्यापुढे मिरवावं का, असं विचारलंय.

म्हणून मला वाटतं आमच्या त्या पदाधिकाऱ्यांचं वाक्य कदाचित शास्त्रातलंच होतं, पण ते त्यांनी बोलायचं नव्हतं. मुलींपैकी कुणी वीस वर्षांनी म्हटलं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं.

ओढ्याकाठी

ताई, शेवटचं वाक्य वाचून गप्प बसलो जरा वेळ. फारोचा प्रश्न माझा सुटला नाही, पण हे पटलं.

शिलालेख_वाचक

नगरी ताई, मांडणी आवडली पण एक मोठी अडचण आहे. मिसरचा राजा नखो. इ.स.पू. ६०९ मध्ये तो फरात नदीकडे लढायला निघालाय, यहूदाचा, म्हणजे दक्षिणेच्या राज्याचा, राजा योशीया वाट अडवतो. योशीया म्हणजे दावीदानंतरचा सगळ्यात नावाजलेला धार्मिक राजा. नखो निरोप पाठवतो, माझं तुझ्याशी भांडण नाही, देवाने मला घाई करायला सांगितलंय, देवाच्या आड येऊ नकोस. कुठलाही राजा म्हणेल तसलं वाक्य. योशीया ऐकत नाही, मगिद्दोच्या मैदानात त्याला बाण लागतो आणि त्या जखमेने तो मरतो. आणि २ इतिहास ३५ काय म्हणतं? नखोचे शब्द देवाच्या मुखातून होते. म्हणजे इथे सत्ताधारी स्वतः म्हणतोय, परका आहे, स्वतःच्या फायद्याचं म्हणतोय, आणि शास्त्र म्हणतं खरं होतं.

आणि याच्या उलट, शंभरेक वर्षं आधी अश्शूरचा अधिकारी यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून अगदी तेच म्हणतो, परमेश्वरानेच मला या देशावर पाठवलं. तिथे मात्र ती उद्धट धमकी ठरते. दोन्ही वाक्यं कानाला सारखीच. ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं?

नगरी_पायवाट

नखो मी विसरलेच होते. तुमचं बरोबर आहे, माझा नियम तिथे टिकत नाही आणि ओढून ताणून टिकवायचा पण नाहीये. मान्य करते.

तरी ऐकणाऱ्याच्या बाजूने एक प्रसंग आठवतोय. एन-गेदीची गुहा, १ शमुवेल २४. तेव्हाचा राजा शौल ३,००० माणसं घेऊन दावीदाच्या मागावर आहे, आणि नेमका एकटाच त्याच गुहेत आडोशाला येतो जिथे आत अंधारात दावीद आणि त्याची माणसं बसलीयेत. माणसं कुजबुजतात, हाच तो दिवस, परमेश्वराने तुझा शत्रू तुझ्या हातात दिला. यापेक्षा स्पष्ट "देवाची योजना" काय असणार? दावीद सरपटत जातो आणि शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतो, बस. आणि पुढच्याच वचनात त्याचं मन त्याला टोचतं, तेवढा कपडा कापल्याबद्दलसुद्धा. देवाने संधी दिली हे त्याने नाकारलं नाही, पण त्यावरून मारायची परवानगी मिळाली असं धरलं नाही.

सांजवात

मी नुसतीच वाचत होते, आज लिहिते. मला या सगळ्यात बहूरीमची ती बाई आवडते जिचं नावसुद्धा दिलेलं नाही. अबशालोमच्या बंडात त्याच्या सल्लागाराने, अहीथोफेलने, सल्ला दिला होता की १२,००० माणसं घेऊन आज रात्रीच दावीदाला गाठतो, आणि तो सल्ला बरोबर होता. दावीदाचा मित्र हूशय याने तो मोडला, आणि पुस्तक म्हणतं परमेश्वरानेच तो मोडायचं ठरवलं होतं. पण ठरवलं म्हणून काही आपोआप झालं नाही. दावीद अनवाणी रडत जैतुनाचा डोंगर चढताना प्रार्थना करतो की अहीथोफेलचा सल्ला फोल कर, आणि माथ्यावर हूशय समोर उभा, तर दावीद लगेच त्याला कामाला लावतो, तू परत जा, तिथे राहा. मग निरोप घेऊन दोन पोरं पळतात, पाठलाग होतो, ती बहूरीमच्या एका अंगणातल्या विहिरीत उतरतात, आणि ती बाई विहिरीवर कापड टाकून त्यावर कुटलेलं धान्य पसरते. वाळवण! शिपाई येतात, विचारतात, ती सांगते गेले ओहोळ ओलांडून. सगळं राज्य त्या वाळवणाखाली लपलेलं होतं. तिने देवाची योजना वगैरे काही म्हटल्याचं लिहिलेलं नाही.

कोपऱ्यातला_दिवा

सांजवात ताई, आमची आई अजून गच्चीत वाळवण घालते. उद्या तिला ही गोष्ट सांगतो.

रेवदंड्याची_नात

एस्तेरच्या पुस्तकात पण असंच. आजी पुरीमला, म्हणजे एस्तेरच्या गोष्टीच्या सणाला, "होळीचा सण" म्हणायची. त्या अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, आणि तिला वाढवणारा मर्दखय सुद्धा एस्तेरला ठामपणे सांगत नाही की देवाने तुला यासाठी राणी केलं. तो म्हणतो "मी योदेआ", कोण जाणे, कदाचित अशाच वेळेसाठी तू इथवर आली असशील. आधी "कोण जाणे" आणि मग मोठी गोष्ट.

नगरी ताईंनी झग्याचा काठ काढला म्हणून अजून एक. त्या काठाला शब्द आहे "कनाफ". तोच शब्द नऊ अध्याय आधी येतो, शमुवेल संदेष्टा पाठ फिरवून निघतो तेव्हा शौल त्याच्या झग्याचा काठ पकडतो, तो फाटतो, आणि शमुवेल म्हणतो असंच राज्य तुझ्यापासून फाडून घेतलंय. मग गुहेत दावीदाच्या हाती शौलाच्या झग्याचा काठ. आणि मग तुमच्या धाग्याची सुरुवात, अहीया संदेष्टा रस्त्यात यराबामला गाठतो आणि नवंकोरं वस्त्र फाडून बारा तुकडे करतो, दहा त्याच्या हातात देतो. त्या वस्त्राला शब्द आहे "सल्मा". आणि शलमोन म्हणजे "श्लोमो". आमच्या तोरात स्वरचिन्हं न घालता लिहितात तसं हे दोन शब्द लिहिलेत तर अक्षरं तीच चार, तसूभर फरक नाही. डोळ्याला ते वाचताना दिसतं की शलमोनालाच फाडतोय.

नगरी_पायवाट

हे मला माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला. येत्या बुधवारी तिथूनच सुरू करते, घरातलं जुनं फडकं नेते बरोबर, बारा तुकडे करून सगळ्यांच्या हातात देईन आणि मग बारावा अध्याय वाचू. वसतिगृहातल्या दोघी मुली आता आमच्या शास्त्राभ्यासाला येतात. त्यातल्या एकीला पंधरावं वचन वाचायला सांगणार आहे, तिची तयारी असेल तर.